चारचौघांत

धाकट्याच्या बाळंतपणानंतर हसताना तिला लघवी आवरायची नाही. "हिला हसवू नका रे, फरशी पुसावी लागेल!" असं नवरा चारचौघांत सांगायचा. हळूहळू ती हसायचंच विसरली.

आता प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर त्याचीही तीच गत झाली. "ओटीपोटाखालचे स्नायू रोज आवळायचे, सोडायचे," फिजिओथेरपिस्टने व्यायाम शिकवला. "त्यांत ताकद येईपर्यंत हसताना जपा."

"कुणाला सांगू नकोस हं," घरी येताना तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"छे! मी अवाक्षर काढणार नाही."

तिने शब्द पाळला. रविवारी त्याचे सगळे मित्र जेवायला बोलावले, त्याला मधोमध बसवलं आणि त्यांच्यातल्या नकलाकाराकडे वळून ती म्हणाली,



"भावजी, होऊन जाऊ द्या तुमच्या नकला!"