आईची चौकशी

पुलासाठीच्या पोलादाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली जाडेभरडे दिसत होते. असा तुकडा थंडीत काचेसारखा फुटायला हवा. पण चाचणीचे तिन्ही तुकडे यंत्राच्या झुलत्या हातोड्याखाली नुसते वाकले. चाचणी करणारी बुचकळ्यात पडली. उणे चाळीस अंशांच्या द्रावातून काढल्यावर पाच सेकंदांत घाव बसलाच पाहिजे, नाहीतर तुकडा ऊब धरतो आणि पास होतो.

तिने चौथा तुकडा चिमट्याने उचलला. मागे उभ्या साहेबांनी मायेने विचारलं, "आई जेवायला लागली का गं?"

मघाशीही तिन्ही वेळा तुकडा चिमट्यात असतानाच त्यांनी तिच्या आजारी आईची विचारपूस केली होती, आणि ती थांबून सगळं सांगत बसली होती.

या वेळी तिने तुकडा यंत्रात ठेवून आधी हातोडा सोडला. तुकड्याची दोन शकलं उडाली.

"लागली, साहेब," ती म्हणाली.