गुरुजींनंतरची सकाळ

पुरात दुकान आणि बायको दोन्ही गमावल्यापासून भार्गव खातूंनी बोलणंच सोडलं होतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते रोज सकाळी नगरपालिकेच्या बागेत वाफे खणायला जात. तिथे सगळेच पूरग्रस्त. हा गट जमवणारे रेडीज गुरुजी मात्र काम करताकरता सगळ्यांना हसवत.

त्या सकाळी कुणीच कुदळ उचलली नाही. गुरुजींनी पहाटे आपलं आयुष्य संपवलं होतं.

"कधी काही बोलले नाहीत हो," म्हाताऱ्या शेवंताबाई रडत म्हणाल्या.

"आपण तरी कुठे विचारलं?" खातूंचा आवाज चिरकला. मग खाली बघत ते म्हणाले, "माझ्याही मनात तेच येतं. रोज येतं."

कुणी समजूत घातली नाही. शेवंताबाईंनी त्यांचा हात धरला आणि ऊन डोक्यावर आलं तरी सोडला नाही.