डोळे मिचकवा

"अजून थोडा डाव्या बाजूला," कय्युम म्हणाला, आणि सबीहानं आईच्या गालात कापसाचा आणखी एक बोळा सरकवला.

फातिमाबींनी विरोध केला नाही. लकव्यानं त्यांची डावी बाजू गेली होती, त्यामुळे विरोध करायचा तर तो उजव्या बाजूनंच करावा लागे. तेवढी ताकद त्या सकाळपासून राखून होत्या.

कय्युमचं ऑनलाइनचं दुकान कळमनुरीच्या बसस्टँडपाशी. गेल्या आठवड्यात सबीहानं आईला तीनदा ऑटोत घालून तिथं नेलं होतं. पहिल्या दिवशी ऑटोवाल्यानं आरशातून मागं पाहत विचारलं होतं, "खाला, पेशंट कौन है दोनों में?" तिसऱ्या खेपेनंतर कय्युमलाच दया आली. आज तो फोन घेऊन स्वतः घरी आला होता.

रेशनकार्डावरचा प्रत्येक माणूस खरा आहे की नाही, हे सरकारला पाहायचं होतं. आधी अंगठे मागवले. फातिमाबींनी चाळीस वर्षं मोंढ्यात हळद निवडलेली. त्यांच्या अंगठ्यावर रेघ म्हणून शिल्लक नव्हती. सबीहाचा नवरा हैदराबादला कामाला गेला तो गेलाच, तेव्हापासून तीही त्याच हळदीत होती. तिचाही अंगठा उठेना. मग सरकारनं मेहरबानी करून ॲप काढलं. घरबसल्या चेहरा दाखवा, डोळे मिचकवा, काम फत्ते. मुदत आज पाच वाजेपर्यंत. त्यानंतर नाव कार्डावरून कमी, धान्य बंद, आणि नांदेडच्या दवाखान्यातला फुकटचा इलाजही बंद.

ॲप चेहरा जुळवायचं तो तेरा वर्षांपूर्वीच्या आधारच्या फोटोशी. शाळेत कॅम्प लागला होता आणि मायलेकी एकाच रांगेत उभ्या होत्या. फातिमाबी तेव्हा सत्तावन्नच्या, धडधाकट, भरल्या गालांच्या. सबीहा तिशीची. "बाई, हसू नका," असं फोटोवाला तिला दोनदा म्हणाला होता.

"मशीनला आत्ताच्या गालाची वळख न्हाई," कय्युमनं खुलासा केला. "त्याला जुने गाल पायजेत."

म्हणून कापूस. म्हणून डोळ्यांत सुरमा आणि नाकात चमकी.

शेजारच्या रुख्मिणीबाई दारात बसून सगळं न्याहाळत होत्या. "आमच्या म्हाताऱ्याची कवळी आनू का? धुऊन देते."

"नको, मावशी," कय्युम म्हणाला. "तोंड बदललं तर मशीन म्हनंल, हा तुमचा म्हातारा."

"म्हनू दे की. त्याचंबी राहिलंय."

कय्युमनं फोन समोर धरला. पडद्यावर एक गोल उमटला, गोलात फातिमाबी. फोनमधली बाई फार अदबीनं म्हणाली, "कृपया डोळे मिचकवा."

फातिमाबी तिच्याकडे टक लावून पाहत राहिल्या. गोल लाल झाला.

"अम्मी, आँख झपका ना."

"काहून?" कापसाआडून आवाज आला.

"सरकारला बघायचंय, तू जिती हायस का."

"मी बोलून राहिले ते त्याला ऐकू येत न्हाई का?"

या प्रश्नाचं उत्तर ॲपमध्ये नव्हतं. कय्युमनं पुन्हा आधारचा नंबर टाकला. पुन्हा लाल. उजेडाकडे तोंड करून बसवलं, लाल. सुरमा पुसला, लाल. साडेचार झाले.

"आपा, तोवर तुमचं करून घिऊ का?" कय्युम म्हणाला. "कंट्रोलच्या दुकानातनं रेशन आनायला तुमीच जानार."

"माझं काय, मिनिटाचं काम. माझे डोळे माझं ऐकतात. आधी अम्मीचं. तिचं नाव गेलं तर नांदेडला दारात उभं करनार न्हाईत."

कय्युमनं फातिमाबींचा नंबर अकराव्यांदा टाकला. बाईनं अकराव्यांदा डोळे मिचकवायला सांगितलं. फातिमाबींनी राखून ठेवलेली ताकद एकवटली आणि कापूस थेट फोनवर थुंकला.

रुख्मिणीबाईंनी पदर तोंडात कोंबला. कय्युमनं काच पुसली आणि फोन परत धरला. बाई अजून आत होतीच.

सबीहा आईच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. तिचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून घेत ती पुढं वाकली. "इधर देख अम्मी. अशी मिचकाव. मी करते तशी."

आणि तिनं डोळे मिचकावले.

गोल हिरवा झाला.

"पडताळणी यशस्वी," फोनमधली बाई म्हणाली. "धन्यवाद, फातिमाबी."

कय्युमनं फोनकडे पाहिलं. फातिमाबींकडे पाहिलं. त्या आढ्याकडे बघत होत्या.

"अम्मीनं तर मिचकावलेच न्हाईत," सबीहा म्हणाली.

"न्हाईत."

"मग आता?"

"आता काय! मशीनला पटलं, आपुन कोन न्हाई म्हननारे?"

"लेक आईच्या वळणावर गेली, त्यात काय गुन्हा हाय व्हय?" रुख्मिणीबाई म्हणाल्या, आणि मग तिघंही हसली. सबीहा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आठ दिवस ती कामावर गेली नव्हती, आठ दिवस नीट जेवली नव्हती. आईचं नाव कार्डावर राहिलं होतं. तिनं आईच्या गालातला उरलेला कापूस बोटानं काढला आणि तिला हळूच गादीवर निजवलं.

"आपा, पटकन बसा. दहा मिनिटं हायेत."

सबीहानं तोंड धुतलं, ओढणी सारखी केली आणि फोनसमोर बसली. कय्युमनं तिचा नंबर टाकला. बाईनं सांगायच्या आतच तिनं डोळे मिचकावले.

लाल.

"उजेड कमी हाय," कय्युम म्हणाला. रुख्मिणीबाई दारातून उठल्या, सबीहा त्यांच्या जागी बसली.

लाल.

कय्युमनं सदऱ्याच्या टोकानं काच घासूनघासून पुसली, हात स्थिर धरला, श्वाससुद्धा रोखला. सबीहानं सावकाश डोळे मिटले, सावकाश उघडले.

फोनमधली बाई जराही न चिडता, त्याच अदबीनं म्हणाली, "हा चेहरा सबीहा यांचा नाही. कृपया सबीहा यांना कॅमेऱ्यासमोर बसवा."