टाक्यांचा रकाना

सीताबर्डीच्या दवाखान्यात तपासणीला आलेल्या गरोदर बायकांना मेश्राम सिस्टर दहा वर्षं एकच प्रश्न विचारत आल्या होत्या. “मागच्या बाळंतपणात टाके पडले का वं?” कुहीची कौसल्या म्हणाली, “नाही जी.” सिस्टरांनी रजिस्टरात ‘नाही’ लिहिलं आणि मान वर केली. घडी केलेलं लुगडं बाकावर टाकून कौसल्या एका अंगावर कलंडून बसली होती. “अशी काहून बसून राहिली?” “मागच्या टायमाले खाली फाटलं जी. तेव्हापासून सरळ बसवत नाही.” “मंग टाके नाही काहून म्हणते?” “घरीच झालं. सुईणीनं हळद भरली. शिवणार कोण?” सिस्टरांनी ‘नाही’ खोडलं आणि लाल शाईनं लिहिलं, ‘पुन्हा फाटायचा धोका’. “या खेपेले घरी नको, इथंच ये,” त्यांनी बजावलं. मग मागची पानं उलटली. टाक्यांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत त्यांच्याच अक्षरात ‘नाही’ होतं.