लार्साहून आलेली पत्रं

"आलं का गं?" बेल्तानीने ओट्यावरूनच विचारलं. तिला दिसत नव्हतं, पण हुनाबतूमची पावलं ती लांबून ओळखायची.

"आलं."

"लार्साहून?"

"दुसरं कुठून येणार?"

हुनाबतूम तिच्या शेजारी टेकली. पत्रावरची, नाव कोरलेली मातीची खोळ ती नेहमी कालव्यावरच फोडून यायची आणि तुकडे पाण्यात टाकायची. घरात कचरा कशाला, म्हणायची. हातात उरायची ती तळव्यात मावेल एवढी पाटी.

"मग वाच की. जीव नको खाऊस."

"'हुनाबतूम आत्याला सांगावं. तुझा भाचा इब्नी म्हणतो, शमश देव तुला माझ्यासाठी उदंड आयुष्य देवो. यंदा फरात नदीला पाणी वेळेवर आलं. जव कमरेएवढा झालाय. बायकोचा खोकला गेला. तू सांगितलेला कांद्याचा रस लागू पडला.'"

"बघ!" बेल्तानीने मांडीवर थाप मारली. "कांद्याचा रस मी सांगितला होता. तू नुसतं लिहिलंस."

"तूच सांगितलास."

"पुढं?"

हुनाबतूमची नजर पाटीच्या खालच्या ओळींवर थांबली.

"एवढंच आहे."

दोघी पंधराव्या वर्षी सिप्परच्या या मठात आल्या. देवाला वाहिलेल्या मुली. लग्न नाही, मूल नाही, भिंतीबाहेरचं जग सणापुरतं. सुरुवातीला दोघींचीही माणसं भेटायला यायची. मग येणं विरळ झालं, मग थांबलं. बेल्तानीचं तर भावाशी शेताच्या वाट्यावरून फाटलं. "मेला की जिवंत आहे, तेही मला ठाऊक नाही," ती म्हणायची. हुनाबतूमने तरुणपणी मठाची लिखापढी सांभाळली होती. पुढे तिथं नव्या मुली आल्या आणि तिला कुणी हाक मारेनासं झालं. दिवसच्या दिवस ती कुणाशी बोलत नसे. बेल्तानीचे डोळे गेले तेव्हा हुनाबतूम तिचं पाणी भरू लागली. त्याच सुमाराला लार्साची पत्रं सुरू झाली.

पत्रांबरोबर कधी तिळाचं तेल यायचं, कधी लोकर. हुनाबतूम मोठा वाटा बेल्तानीपुढे सरकवायची.

"अगं, तुझ्या माणसांनी पाठवलेलं, मला कशाला?"

"घे मुकाट्यानं. तुझंही आहे ते."

"तुझ्यासारखं काळीज नाही बाई कुणाचं," बेल्तानी म्हणायची. अशा वेळी हुनाबतूम उठून उगाच चुलीत काड्या सारायची.

या पत्रानंतर तीन दिवस हुनाबतूमला घास गेला नाही. चौथ्या सकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "इब्नी येतोय. उद्याच्या होडीनं."

बेल्तानीच्या हातातला वाडगा कलंडला. "आणि हे आत्ता सांगतेस? पत्रात होतं ना? मी काय नजर लावणार होते? मला तर डोळेच नाहीत!"

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग कामाला लागली. खजूर चाचपून चाचपून बिया काढल्या, जवाच्या पिठात मळून वड्या केल्या, हुनाबतूमच्या डोक्याला बळेबळे तेल लावलं. तेल लावताना तिचे हात मध्येच थांबले.

"तुला घेऊन तर नाही ना जाणार तो?"

"मला? मला नाही नेणार."

"नेलं तर जा हो. मी करीन माझं." जरा वेळाने ती पुन्हा म्हणाली, "हुना, एक मागू? एकदा मला त्याचा चेहरा चाचपू दे. बारा वर्षं ऐकतेय. मलाही तो माझाच वाटायला लागलाय."

हुनाबतूमने होकारार्थी मान डोलावली. बेल्तानीला ते दिसलं नाही.

"देशील ना?"

"देईन."

दुसऱ्या दिवशी बेल्तानी अजून झोपेत असताना हुनाबतूम एकटीच वेशीवर गेली. तिने मनाशी सगळं ठरवलं होतं. त्याला दारातच गाठायचं, चार शब्द बोलायचे, परत पाठवायचं. एवढंच तर करायचं होतं. द्वारपाल जांभया देत होता. लांबवर फरातेच्या पात्रात एक शीड दिसलं.

"बाई, आज लवकर?" त्याने विचारलं.

ती शीड मोठं होईपर्यंत उभी राहिली. मग वळली आणि गुडघे दुखत असताना जवळजवळ पळतच घरी आली.

"ऊठ. चल."

"मी? अगं, तुझा भाचा. पहिली भेट तुझी एकटीची..."

"वड्या घे. चल म्हणते ना."

धक्क्यावर माणसं उतरत होती. बेल्तानी हुनाबतूमचा दंड धरून वेशीत उभी होती. दुसऱ्या हातात वड्यांची टोपली आणि तोंडावर लग्नघरातलं हसू. "हात किती गार पडलाय तुझा," ती कुजबुजली. "रडू नकोस. पोर घाबरेल."

हुनाबतूमने तिचा हात घट्ट दाबला आणि मग, फार सावकाश, सोडून दिला.

एक उंच, उन्हाने रापलेला तरुण वेशीपाशी आला. खांद्यावर तीनेक वर्षांची मुलगी होती. द्वारपालाने त्याला दोघींकडे बोट दाखवलं. तो समोर येऊन वाकला, मुलीला खाली ठेवलं आणि दोघींकडे आळीपाळीने पाहू लागला.

"बाबा गेले तेव्हापासून पत्रं पाठवतोय, पण आत्याला पाहिलेलं नाही कधी," तो संकोचाने म्हणाला. "या पोरीला तिचंच नाव ठेवलंय आम्ही. तुमच्यातली बेल्तानी आत्या कोण?"