नाव नसलेली कुत्री

“ही सोडून दुसरी कुठलीबी न्या,” राधाकिशन म्हणाला. “ही एका जागी टिकायची न्हाई.”

बीडच्या बाहेर, माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकून दिलेल्या कुत्र्यांचा आसरा होता. राधाकिशन तिथं त्यांचं खाणंपिणं बघायचा. जाळीच्या आत ती कुत्री भिंतीपासून भिंतीपर्यंत उड्या घेत होती. वर्ष-दीड वर्षाची, लांब पायांची, पोट आत गेलेली. अर्धी कारवानी शिकारी जातीची, अर्धी गावठी. रोहिणी जवळ गेली तशी तिनं तोंड बाहेर काढलं, रोहिणीच्या खांद्यावरची कापडी पिशवी हुंगली आणि पिशवीचा बंदच दातात धरला. पिशवी आईची होती.

“घ्या. तिनंच तुमाला पसंत केलं,” राधाकिशन हसला.

“कुठून आली ही?”

“दुष्काळात लोक बैल सोडतेत ताई, ही तर कुत्री. उन्हाळ्याच्या तोंडाला एक जण आणून सोडून गेला. लई जीव लावलेली हाय, म्हणला, बांधून ठेवू नका. नाव इचारलं तर गप झाला. तुमीच ठेवा म्हणला काय ते.”

“जीव लावायचा आणि सोडून जायचं. लाज कशी वाटत नाही माणसांना?”

बोलून गेली आणि तिचेच कान तापले.

दोन दिवाळ्या ती गावी आली नव्हती. एकदा पेपर तपासायचे होते, एकदा पुण्यातल्या नव्या घराची वास्तुशांत. आई फोनवर विचारायची, “ठके, कधी येतीस?” जन्मली तेव्हा लाकडी ठकीएवढी होती, म्हणून ठकी. ते नाव फक्त आई घ्यायची. वडील, नाना, पहिल्यापासून ‘बाई’ म्हणत. “पुढच्या महिन्यात,” असं रोहिणी दर वेळी सांगायची. शेवटी पोचली ती उन्हाळ्याच्या आधी, आईची माती झाल्यावर. त्या दोन दिवसांत शेजारच्या गोठ्यात बांधलेली एक कुत्री सारखी केकाटत होती.

आता दुसऱ्यांदा आली होती, आणि सोमवारी परत जायचं होतं. आपण गेल्यावर नानांपाशी काहीतरी हलतं-डुलतं असावं, एवढंच तिच्या मनात होतं. आपल्या जागी एक कुत्री. हा विचार उघडा करून बघायची तिला हिंमत नव्हती.

आष्टीच्या पुढं, गावात, भाड्याच्या गाडीचं दार उघडताच कुत्रीनं हिसका दिला, घराला एक चक्कर मारली आणि ओट्यावर बसलेल्या नानांच्या छातीवर दोन्ही पाय टाकले. नानांचा हात तिच्या मानेवर गेला. रोहिणी पुढं आली तसा मागं आला.

“कावून आणली?”

“तुम्हाला सोबत म्हणून.”

“मला नको. उद्या नेऊन घाल जिथली तिथं.”

“अहो, पण का?”

“गाईला पाणी पुरंना. हिला कुठून पाजू?”

कुत्री तोवर रांजणामागच्या चेपलेल्या ताटलीपाशी जाऊन बसली होती. नानांनी आपल्या तांब्यातलं पाणी ताटलीत ओतलं.

शेजारची छबुबाई कालवणाची वाटी घेऊन आली आणि दारातच थबकली.

“अगं बया, ही...”

“बाईनं आणली. बीडहून,” नाना जरा घाईनंच म्हणाले.

छबुबाईनं नानांकडं बघितलं, मग रोहिणीकडं. “बरं केलंस, माय. नाव काय ठिवलं?”

“बिजली.”

“चांगलं हाय,” म्हणत तिनं पदर तोंडाला लावला आणि वाटी ठेवून निघून गेली. ती हसली असं रोहिणीला वाटलं. गाव टँकरवर जगतंय आणि पुण्याची मास्तरीण कुत्री पाळायला आणतेय. हसणारच.

बिजली म्हटलं की कुत्री ढुंकूनही बघत नव्हती. नाना जिभेनं टकटक आवाज करून तिला बोलवायचे.

“नावानं हाक मारा ना, नाना. लळा लागेल तिला.”

“जनावराला नाव कशाला लागतं?” नाना गोठ्याकडं तोंड करून म्हणाले.

पण ‘नेऊन घाल’ हे पुन्हा म्हणाले नाहीत. रोहिणीला तेवढ्यानंही हायसं वाटलं.

रविवारी सकाळी ती नानांबरोबर दूध संस्थेकडं निघाली. कॅनच्या तळाशी जेमतेम दूध होतं. कुत्री पुढं होती. मारुतीच्या पाराशी नाना वळायच्या आधीच ती वळली आणि मागं बघत उभी राहिली.

“हुशार आहे,” रोहिणी म्हणाली.

नानांनी कॅन दुसऱ्या हातात घेतला.

संस्थेसमोरच्या विहिरीत पाणी सोडायला टँकर आला होता. हंडे घेऊन बाया धावत होत्या, छबुबाईही होती. कुणाची तरी कळशी घरंगळली आणि कुत्री तिच्यामागं सुटली, थेट मागं येणाऱ्या टँकरच्या चाकांकडं.

“बिजली! ए बिजली!” रोहिणी ओरडली.

कुत्रीचा कान हलला नाही. ड्रायव्हरला दिसत नव्हतं. नानांच्या हातातला कॅन खाली पडला, दूध धुळीत सांडलं.

“ठके!” नाना जीव खाऊन ओरडले. “ठके, माघारी फिर!”

रोहिणी गर्रकन वळली. नाना तिच्याकडं बघत नव्हते. विहिरीवरच्या सगळ्या बायांनी माना खाली घातल्या होत्या. चाकापासून उलटी फिरलेली कुत्री रोहिणीच्या पायांना घासून पुढं गेली आणि हाकेला ओ दिल्यासारखी नानांसमोर जाऊन उभी राहिली.