दारावरची थाप

उज्वलाबाईंनी जुन्या रुग्णवाहिकेचं मागचं दार आतून ओढून घेतलं आणि स्ट्रेचरच्या जागी टाकलेल्या फळीवर त्या आडव्या झाल्या.

"हं, अमजदभाई, वाजवा!"

बाहेर अमजद घुटमळत होता, हे त्यांना आतून कळत होतं. महाडच्या हायवेला लागून त्याचं जुन्या गाड्यांचं आवार. तिथं येणारं गिऱ्हाईक बॉनेट उघडून बघे, टायरला लाथ घाली. आत झोपून 'दार फोडल्यासारखं वाजवा' म्हणणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं. शेवटी त्यानं दोन्ही हातांनी पत्र्यावर धपाधप मारलं.

उज्वलाबाई ताडकन उठल्या आणि तिथंच थांबल्या. पुढच्या सीटच्या आणि त्यांच्या मध्ये पत्र्याची भिंत होती. गाडी चालू करायची तर मागच्या दारानं उतरायला हवं, आणि मागच्या दाराशी तर दार वाजवणारा उभा.

"ही नको," त्या खाली उतरल्या.

"पण सिस्टर, हिच्यात उभं ऱ्हाता येतंय. त्या पलीकडच्या व्हॅनीत वाकून वाकून कंबर जाईल तुमची."

"कंबर गेली तर मलम लावीन."

अमजद हसला. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर तीस वर्षं लसी घेऊन फिरलेल्या ह्या बाई गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या होत्या. आता एकटीनं गाडीतच राहायचं, आधी किनाऱ्याकिनाऱ्यानं गोव्यापर्यंत जायचं, पुढचं पुढे, असं त्यांनी ठरवलं होतं. रात्री कुणी दार ठोठावलं तर खाली न उतरता गाडी काढता यायला हवी, एवढीच त्यांची अट होती.

व्हॅन शाळेच्या मुलांची होती. पिवळा रंग अजून तसाच होता. मागची बाकं काढलेली, खिडक्यांना पडदे. उज्वलाबाई गादीवर पडल्या. ह्या वेळी अमजदनं कसर ठेवली नाही. पत्रा दणाणला, वर "ए, खोल दरवाजा!" अशी आरोळी. उज्वलाबाई वाकून दोन सीटांच्या मधून पुढे सरकल्या, बसल्या, किल्ली फिरवली. इंजिन लागलं. भर दुपार होती, बाहेर ओळखीचा माणूस होता, तरी किल्लीवरचा हात त्यांनी लगेच काढला नाही.

"सहा आकडे मोजले मी. हीच घेते!"

आवारामागच्या घरातून अमजदची बायको परवीन चहा घेऊन आली होती. बराच वेळ ती नुसतीच बघत उभी होती.

"असं कोण वाजवत नाय," ती म्हणाली.

"म्हणजे गं?"

"परत आत जावा, सिस्टर. मी वाजवते."

उज्वलाबाई पुन्हा आत जाऊन पडल्या. दार लागलं. बाहेर काहीच झालं नाही. हायवेवरून एक ट्रक गेला, मग दुसरा. मिनिट गेलं, दोन गेली. पडद्याआड उकडत होतं. चहा निवला असेल, असं त्यांच्या मनात आलं.

मग काचेवर एका बोटाची हळू टकटक झाली.

"सिस्टर, अमजदभाईंनी कागद पाठवलेत गाडीचे. एक सही पायजे व्हती."

"हो, हो," म्हणत उज्वलाबाईंनी दार सरकवलं.

समोर परवीन उभी होती. तिचे हात रिकामे होते. ती हसत नव्हती.

"उघडलंत."

"अगं, आवाज ओळखीचा म्हणून..."

"वळखीचाच असतो, सिस्टर."

"काय तरीच हिचं!" चहाचा कप घेऊन रुग्णवाहिकेला टेकलेला अमजद म्हणाला. "कुठनं सुचतं गो तुला?"

परवीननं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती उज्वलाबाईंशीच बोलत राहिली. "'भाभी, अमजदभाईंनी सामान पाठवलंय कुवेतवरनं.' हे कुवेतला व्हते तवा. अशीच दुपार व्हती. एका बोटानं वाजवलंन. मी पण उघडलं."

अमजदचा कप ओठांपर्यंत गेलाच नाही.

"कोण?" त्यानं विचारलं. मग जवळ येत, "परवीन, कोण व्हता?"

परवीननं व्हॅनच्या दाराला हात लावला. "बसा आत, सिस्टर. मी परत वाजवते. आता उघडायचं नाय."

खाली उतरून तिचा हात धरावा, असं उज्वलाबाईंना फार वाटलं. पण अशी तोंडं त्यांनी वाड्यांवाड्यांवर पाहिली होती. कुठल्या बाईला हात द्यायचा आणि कुठल्या बाईचं फक्त ऐकायचं, हे त्यांना कळत होतं. त्यांनी दार लावून घेतलं आणि लॉक केलं.

टकटक.

"सिस्टर, पाणी आणलंय प्यायला. घ्या." आवाज गोड होता. शेवटच्या शब्दाला मात्र तो चिरकला.

उज्वलाबाई पुढे सरकल्या. किल्ली फिरवली.

"बाजूला व्हा गाडीपासून!" त्या ओरडल्या. आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. व्हॅन पुढे निघाली.

फाटकापर्यंत जाऊन वळून यायचं, असं त्यांच्या मनात होतं. फाटकाशी त्यांनी आरशात पाहिलं. चहाचा कप मातीत पडला होता. अमजद आणि परवीन समोरासमोर उभे होते. आता तो काही विचारत नव्हता. ती बोलत होती.

उज्वलाबाईंनी गाडी वळवली नाही. तिचं बोलून होईस्तोवर परतायचं नव्हतं. त्या सरळ पोलादपूरच्या रस्त्याला लागल्या, आणि घाट नव्हता, गर्दी नव्हती, तरी त्यांनी गाडी तिसऱ्या गिअरच्या वर नेली नाही.